जाळं बंद, गळ चालू

मावशीच्या गावात मासेमारीचा नवा नियम झाला, त्या पावसाळ्यात मी तिच्याच घरी राहत होते. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका आरोग्य केंद्रात माझी बदली झाली होती, औषधं देण्याच्या कामावर. नवरा आणि मुलगी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात. शनिवारी एसटीनं घरी जायचं, सोमवारी सकाळी परत यायचं. त्या गावात मला अजिबात करमत नसे. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी संध्याकाळी बंद झाल्या, की एकदम सगळं शांत व्हायचं आणि मला आमच्या कॉलनीतला रिक्षांचा गोंगाट आठवायचा. आता त्याच शांततेसाठी जीव तुटतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, धंदाच मासेमारीचा. होडी, जाळं आणि फुगवट्याचं पाणी, एवढंच त्यांचं जग. मावशीही मासे धरायची, पण गळानं आणि घरापुरते. केळीच्या बागेत मजुरीला जाऊन आली, की हातपाय धुऊन बांबूची काठी उचलायची आणि काठावर जाऊन बसायची. तिला चिलापी लागायची, कधी वांब. काकांचे मासे व्यापाऱ्याच्या टेम्पोत जायचे आणि मावशीचे आमच्या ताटात यायचे.

मासेमारांच्या सोसायटीची बैठक झाली आणि असं ठरलं की पावसाचे दोन महिने, मासे अंडी घालतात त्या दिवसांत, कुणीही जाळं टाकायचं नाही. गळ मात्र चालेल. गळाला मासा एकेकच लागतो, तो कालवणापुरता, त्यानं काही बिघडत नाही, असं चेअरमन म्हणाले.

काका बैठकीतून आले ते तणतणतच.

"अंड्याचा मासा जाळ्यात मेला तर गुन्हा, आन् गळाला मेला तर कालवण. हा कुटला न्याय?"

मावशी चुलीपुढं भाकरी थापत होती. "माझा गळ केवढा, तुमचं जाळं केवढं. बोलायचं म्हणून कायबी बोलू नका."

"मासळीला कुटं ठावं हाय, तिला कशानं धरलंय ते?"

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं बघून हसली. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं.

काकांनी नियम मोडला नाही. होडी ओढून बाभळीखाली पालथी घातली, तिला डांबर लावलं. जाळं पडवीत पसरून जिथं फाटलं होतं तिथं गाठी मारल्या. चार दिवसांत तेही काम संपलं. मग ते मावशीच्या मागंमागं काठावर येऊ लागले. मीही केंद्रातून सुटले की तिथंच जायचे. आम्ही तिघं दगडांवर बसायचो. मावशीचं लक्ष गळावर आणि काकांचं लांब पलीकडच्या काठावर. सासरी दिलेल्या लेकीच्या गावाकडं बघावं, तसं ते पाण्याकडं बघत.

बघत बघत बोलतही असत. "तितं काय टाकतीस? तितं गाळ हाय." "आता वर वड." "आगं, लई घाई करतीस."

"तुमी घरी जावा की," मावशी वैतागून म्हणायची. "तुमच्या बडबडीनं मासा न्हाय, माझं डोकं लागंल गळाला."

ते उठायचे, बाभळीपर्यंत जायचे आणि पुन्हा येऊन बसायचे.

एका आठवड्यात माझी सुट्टी रद्द झाली, म्हणून नवरा मुलीला घेऊन तिकडंच येणार होता. मुलीला मावशीच्या हातची मरळ फार आवडायची. मरळ हा मासा तसा कुणालाही आवडतो, त्याला काटे कमी आणि चव गोडसर. मावशीनं आदल्याच दिवशी जाहीर केलं, "माझ्या नातीला मरळ खाऊ घालती." त्या दिवशी काका बाजाराला गेले होते. मावशीनं गळाला छोटी बेडकी लावली आणि पाणकणसांच्या बेटापाशी, उथळ पाण्यात जाऊन बसली. तासाभरात ती आली, तेव्हा पाटीत हातभर लांब मरळ होती. काळीशार, अजून तोंड उघडझाप करत असलेली.

काका परतले तेव्हा मावशी ती कापायला बसली होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"कुटं घावली?"

"कणसाच्या बेटापाशी."

"वर पिल्लं हुती का?"

राख लावून मासा धरण्यात मावशी गुंतल्यासारखी दिसली.

"म्या काय इचारतोय? पाण्यावर तांबडा पुंजका दिसत हुता का?"

"हुता," मावशी म्हणाली. "पण नियमात बसतंय. तुमच्या सोसायटीनंच सांगितलंय की, गळ चालू म्हणून."

काका आत गेले. दुसऱ्या दिवशी ते पाहुण्यांबरोबर पंगतीला बसले, पण त्यांनी भाकरी शेंगाचटणीबरोबर खाल्ली. मुलगी मिटक्या मारत होती, नवरा रश्श्याचं कौतुक करत होता. मावशी सगळ्यांना वाढत राहिली. काकांच्या ताटाकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

पाहुणे गेले. सकाळी काका म्हणाले, "चला दोगी."

मावशी आढेवेढे न घेता निघाली, याचं मला नवल वाटलं. बेटापाशी पाणी गुडघाभर होतं. काकांनी बोट केलं. आधी मला काहीच दिसेना. मग दिसलं, पाण्याच्या कातडीवर शेंदरी रंगाचे बारीक जीव इकडंतिकडं सैरभैर पळत होते. काका सांगत होते, मरळीची पिल्लं एका गठ्ठ्यानं फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. दुसरा कोणी जवळ आला की अंगावर धावून जातात. म्हणून तर ते गळाला पटकन लागतात. बेडकी दिसली की खायला नाही, हाकलायला झडप घालतात.

पलीकडं दोन बगळे उभे होते. ते मान लांब करून एकेक टिपत होते, अगदी सावकाश.

"दुसरा कुटं हाय?" मावशीनं विचारलं. "तुमी म्हणला दोगं असत्यात."

"काय ठावं. बुजला आसंल. न्हायतर त्योबी कुणाच्या गळाला गेला आसंल."

मावशीनं हात हलवून बगळे उडवले. ते थोडं लांब जाऊन बसले. तिनं पुन्हा उडवले. मग ती साडी सावरून तशीच पाण्यात उभी राहिली. परत येताना काका मध्येच थांबून म्हणाले, "नियमाचा मला राग न्हाय. तुजाबी न्हाय. मला पाण्यात जायचंय गं. करमंना झालंय."

मावशी म्हणाली, "ते काय मला दिसंना व्हय?"

त्याच संध्याकाळी ती चेअरमनच्या घरी गेली. मला सोबत घेतलं. ओसरीवर चहा आला, तो तिनं बाजूला ठेवला.

"दादा, नियम बदला. पिल्लांवरची मरळ गळानंबी धरायची न्हाय, असं करा."

चेअरमन हसले. "वैनी, तुमचं मालक जाळं उगडा म्हणून भांडलं. तुमी गळ बंद करा म्हणताय. घरात ठरवून तरी या."

"गळ बंद कुटं म्हणती मी? चिलापी धरू द्या. पण जाळंवाल्याला अडवताय, तर गळवाल्यालाबी काय अडवाल का न्हाय? एकाला उपास आन् एकाला पंगत, असं नगं."

चेअरमननी थोडा वेळ हनुवटी खाजवली. "बगतो," म्हणाले. पुढच्या बैठकीत खरोखरच ठरलं की त्या दोन महिन्यांत गळाला मरळ लागली तर ती जागच्या जागी सोडायची. काही पोरं कुरकुरली. काकांनी घरी येऊन ही बातमी मोठ्या मानानं सांगितली आणि मग चेहरा पाडून म्हणाले, "समद्यांचं सारकं झालं खरं. पण मी काठावरच की अजून."

मावशीनं आपली काठी त्यांच्या हातात दिली. "धरा. बसून बसून बोलण्यापरास बरं."

आयुष्य जाळ्यावर काढलेल्या माणसाला गळ जमत नव्हता. हिसका लवकर बसायचा, नाहीतर उशिरा. आता बडबड मावशीची सुरू झाली. "आगुदर सोडा की जरा," "आवो, झोपला का?" काका मुकाट्यानं ऐकायचे. एका संध्याकाळी त्यांना बोटभर चिलापी लागली, तर ती हातात धरून ते इतके हसले की ठसका लागला. सूर्य पलीकडच्या उसात उतरत होता. मी घड्याळ बघत होते, दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या संध्याकाळी मी घड्याळ का बघत बसले, असं आता वाटतं.

दोन महिने संपले तेव्हा काका उजाडताच होडी घेऊन गेले. मावशी दारात उभी राहून होडी ठिपक्याएवढी होईपर्यंत बघत होती. उन्हाळ्यात माझी बदली परत सोलापूरला झाली आणि मी आनंदानं सामान बांधलं.

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. छातीत दुखायला लागलं आणि तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मावशीच्या मुलानं तिला पुण्याला आपल्याकडं नेलं. ती चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्टची भीती वाटते, म्हणून खाली उतरत नाही.

पाऊस सुरू झाला की तिचा फोन हमखास येतो. माझी चौकशी, मुलीच्या कॉलेजची चौकशी आणि मग मुद्द्याचं. "उजनी किती भरली गं? पेपरात बग की." आमच्याकडं हा आकडा पावसाळाभर रोज छापून येतो, सगळं सोलापूर तो वाचतं. मी वाचून दाखवते. ती पलीकडं मनातल्या मनात पाणी एकेका बांधावरून वर चढवत असते.

"म्हंजी देवळाच्या पायरीला लागलं आसंल," ती म्हणते.

"लागलं असेल," मी म्हणते.

"वारं सुटलं आसंल बग आता तितं."

मग आम्ही दोघी बराच वेळ फोन ठेवत नाही.