आत्याच्या लुगड्याचं पाणी

आमच्या गाडीत पाणी साचायचं. आणि त्याचा आळ आला माझ्या आत्यावर. एवढीच ही गोष्ट. पण ती आठवली की अजून माझ्या अंगाची लाहीलाही होते, म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, तंजावरच्या कोर्टात वकील होते. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मद्रासच्या कुणा साहेबाकडून एक जुनी काळी गाडी घेतली. आमच्या वीधीतली, म्हणजे गल्लीतली, मराठी घरांतली ती पहिली गाडी. तिचा केवढा थाट! बॉनेटच्या मागे, समोरच्या काचेच्या खाली, हवा यायला एक झडप होती. आतला दांडा ओढला की ती उघडायची आणि वारा थेट पायांवर यायचा. तेव्हाची आमची थंड हवा तीच. झडपेतून पावसाचं पाणीही शिरायचं, आणि ते गाडीखाली सोडून द्यायला आत बोटभर जाडीची एक रबरी नळी होती. पण अशी नळी असते हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे आयुधपूजा. इतर घरांत विळी, कात्री, शिवणयंत्र पुजायचे. आमच्याकडे कायद्याची पुस्तकं आणि गाडी. ड्रायव्हरनं गाडी धुऊन पुसून ठेवायची, आणि अप्पांनी सोवळं नेसून स्वतःच्या हातानं पूजा करायची. गंध, हळदकुंकू, शेवंतीच्या माळा. आणि तमिळ घरांतल्यासारखा कुरमुऱ्या-डाळ्यांचा प्रसाद, कारण तंजावरात राहून कुरमुऱ्यांशिवाय आयुधपूजा होत नाही. त्या वर्षी अप्पांना काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "वरवर फुलं वाहून काय होतंय? प्रसाद आत पोचला पाहिजे." दांडा ओढून झडप उघडली आणि मंत्र म्हणत मुठीमुठीनं हळदीच्या अक्षता, सुट्या पाकळ्या, कुरमुरे सगळं आत सोडलं. आई म्हणाली, "अहो, पुरे की आता." तर तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि आणखी एक मूठ सोडली.

आता आत्या. अप्पांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. डोक्यावर केस नाहीत, अंगावर तांबडं आलवण. घरातला सगळा सोवळ्याचा स्वयंपाक तिच्या हातचा. अप्पा जेवायचे ते तिच्या हातचं, शिकले ते तिच्या हातचं खाऊन. तिनं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या वर्षी मात्र मागितलं.

तुला महिना, म्हणजे सूर्य तूळ राशीत असतो तो इकडचा ऐप्पसी, दसरा झाला की लागतो. त्या महिन्यात सगळ्या नद्या कावेरीत येऊन मिळतात म्हणतात. आत्या म्हणाली, "या वर्षी महिनाभर तिरुवैयारूला कावेरीत स्नान करीन म्हणते रे. पुढच्या वर्षी हे गुडघे असतील नसतील."

अप्पा खूश. "त्यात काय अक्का, गाडी आहे की आपली! रोज सकाळी ड्रायव्हर नेईल, आणील." आणि मग कोर्टात, देवळात, भेटेल त्याला, "आमच्या अक्का गाडीनं तुलास्नानाला जातात." आत्यानं संकल्प सोडला. आमच्या लोकांत संकल्प म्हणजे हातावरचं पाणी नव्हे की झटकलं आणि गेलं. एकदा सोडला की तो पुरा व्हायलाच हवा. अर्धवट राहिला तर सुरूच केला नसता तर बरं, असं म्हणायची पाळी येते.

रोज पहाटे ती निघायची. मागच्या सीटवर तिची सोवळ्याची धाबळी अंथरलेली, त्यावर बसायची. स्नान झालं की लुगडं अंगावरच घट्ट पिळून ओलेत्यानं परत यायची, मांडीवर देवांच्या अभिषेकाच्या पाण्याचा तांब्या, त्याच्या तोंडावर केळीचं पान बांधलेलं. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे. नदीवरून येताना तिचं तोंड जसं दिसायचं तसं मी एरवी कधी पाहिलं नाही. ती मला कायकाय सांगायची, हसायची. घरात पाय ठेवला की पुन्हा चुलीपाशी.

आणि ऐप्पसीचा पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस हाच, दिवाळीच्या आगेमागे येतो आणि दिवसच्या दिवस हलत नाही. गाडी उभी असायची ती घराच्या बाजूच्या उतारावर, तोंड वर आणि पाठ खाली करून. पुढे काय शिरत होतं ते कुणी पाहिलं नाही. चटईच्या खालून वाहत ते सगळं मागे येऊन थांबायचं, नेमकं जिथं आत्या पाय ठेवायची तिथं. दोन-चार दिवसांत गाडीला कुबट वास यायला लागला.

एका संध्याकाळी अप्पांनी कोर्टातून येताना एका मोठ्या जमीनदार अशिलाला गाडीत घेतलं. त्याच्या पांढऱ्याशुभ्र जरीच्या वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, काठ खालच्या डबक्यात बुडाला. उतरताना तो हसत म्हणाला म्हणे, "काय वकीलसाहेब, गाडीतच भात लावलाय की काय?"

झालं! अप्पा घरात आले ते तणतणत. मधल्या चौकात उभे राहून हाका, "अक्का! अक्का!" आत्या पदराला हात पुसत बाहेर आली.

"अक्का, तुमच्या ओल्या लुगड्यानं माझ्या गाडीचं तळं केलंय. चारचौघांत माझं नाक कापलं गेलं."

आत्या म्हणाली, "अरे, मी पिळून बसते. खाली धाबळी असते. ती सुद्धा जेमतेम दमट होते."

"मग पाणी कुठून येतं? आकाशातून?" आकाशातूनच येत होतं, मेलं! पण वकिलाला कोण सांगणार? "काचा बंद, छत शाबूत. गाडीत ओलं असं एकच माणूस बसतं. बसतं की नाही?"

ड्रायव्हरनं गाडीतली चटई आणून चौकात टाकली होती. आत्या खाली वाकली, चटईवरचा डाग बोटानं पुसला आणि बोट पुढे केलं. पिवळं होतं.

"ही हळद आहे," ती म्हणाली. "माझ्या लुगड्याला हळद कुठली रे?"

मी त्या वेळी परकरी पोर, पण मला सुद्धा कळलं ती काय म्हणतेय ते. ज्या बाईच्या अंगाला लहानपणापासून हळद लागू दिली नाही, तिनं तेच पुरावा म्हणून पुढे केलं. दुसरं काय होतं तिच्याकडे? कुणाही माणसाला ऐकून मान खाली घालावीशी वाटली असती.

अप्पा म्हणाले, "पुराचं गढूळ पाणी पिवळंच असतं." आणि निकाल दिला: उद्यापासून गाडी नाही. "पुदू आरू आहे की गावात. कालवा म्हणजे कावेरीचंच पाणी. तिथं करा स्नान."

आई खांबाला टेकून उभी होती. रोज ती धाबळी वाळत घालायची तीच. किती ओली असते ते तिला चांगलं माहीत होतं. पण तोंडात मूग धरून बसली. मी रात्री विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायच्यात मोठ्यांच्या गोष्टी?"

बसनं जाता आलं असतं, असं आता कुणी म्हणेल. ओलेती, बोडकी बाई, सोवळ्यात, तिरुवैयारूच्या भरलेल्या बसमध्ये? कंडक्टरनं चढू दिलं नसतं, आणि चढली असती तरी पहिल्या धक्क्याला सोवळं मोडलं असतं. चालत जायचं तर गुडघे नव्हते. ती एक दिवस कालव्यावर गेली. पायऱ्यांवर धोबी कपडे आपटत होते, बाजूला म्हशी डुंबत होत्या. तशीच परत आली आणि विहिरीवर अंघोळ करून चुलीपाशी बसली. संकल्प मोडला. त्या दिवशीपासून ती सकाळी एक वेळच जेवायची, प्रायश्चित्त म्हणून. ज्यानं मोडला तो दोन वेळ जेवत होता, तिच्याच हातचं.

आणि नशीब कसं असतं पाहा, तिला बंदी झाली त्याच दिवशी पाऊस थांबला. आठवडाभर कडक ऊन. चटई वाळली, वास गेला. अप्पा जेवताना म्हणायचे, "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?" आत्या त्यांच्या पानात ताक वाढत होती.

महिना सरत आला तेव्हा पापनाशमला नात्यातलं एक लग्न होतं. पाऊस पुन्हा लागलेला. अप्पा रेशमी धोतर नेसून पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, आई आणि मी मागे. रस्त्यात एक म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, आणि समोरच्या फळीखालून भसकन पाण्याचा लोंढा आला तो थेट अप्पांच्या मांडीवर. पिवळाधमक. काय वास त्याला! मला हसू आवरेना. आईनं चिमटा काढला.

पापनाशमच्या बसथांब्यापाशी एक गॅरेज होतं. तिथल्या माणसानं पुढची झडप उघडली, हात घातला आणि बाहेर काढायला लागला. सडलेल्या शेवंत्या, फुगून लगदा झालेले कुरमुरे, हळदीच्या अक्षता. मग नळीत तार घातली, तेव्हा उरलेला बोळा सुटला आणि तुंबलेलं सगळं पाणी गाडीखाली धबधबा पडलं. मी म्हटलं, "अप्पा, म्हणजे आत्याच्या लुगड्याचं..."

"गप्प बस."

गॅरेजवाला तो लगदा गटारात टाकायला निघाला. तेवढ्यात अप्पा ओरडले, "अरे, अरे! पायदळी टाकू नकोस. देवाचं निर्माल्य आहे ते." शेजारच्या दुकानातून केळीचं पान मागवलं, त्यावर तो कुजका गोळा ठेवला, आणि पावसात स्वतः उतरून, चपला काढून, पिंपळाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. वर नमस्कार केला. मी खिडकीतून पाहत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी हे माहीत होतं. चोराला नमस्कार मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरी आल्यावर अप्पा थेट अंघोळीला गेले. आईनंच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आत्याला सांगितलं काय सापडलं ते. आत्यानं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि आमटीला फोडणी दिली. मी वाट पाहत राहिले, त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, की आता अप्पा आत जातील आणि म्हणतील, अक्का, चुकलं. एवढे दोन शब्द. नाही म्हणजे नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी आईकडून निरोप धाडला. इकडे एक कथा सांगतात. एक लंगडा तुलास्नानाला निघाला, पण पोचेपर्यंत महिना संपून गेला. तो काठावर बसून रडायला लागला, तेव्हा देवानं त्याच्यासाठी पुढचा एक दिवस वाढवून दिला. म्हणून महिना संपल्यावरच्या पहिल्या दिवशी बुडी मारली तरी पूर्ण महिन्याचं पुण्य लागतं. लंगड्याची बुडी म्हणतात त्याला. आई म्हणाली, "वन्सं, हे म्हणतायत, उद्या लंगड्याच्या बुडीला जाऊन या. गाडी तयार ठेवायला सांगितलीय."

अप्पा बाहेर ओसरीवर पेपर वाचत होते. मधे फक्त एक दार. आत्यानं आवाज जराही चढवला नाही, पण लपवलाही नाही.

"त्याला सांग, लंगड्याला उशीर झाला होता. मला उशीर झाला नव्हता. मला गाडीतून उतरवलं होतं."

बाहेर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. बस्स. दुसऱ्या दिवशी गाडी कोर्टात गेली.

मला वाटलं, वा गं आत्या! आता ही ऐकायची नाही कुणाचं. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू.

पुढल्या वर्षी त्याच महिन्यात कुंभकोणमचे पाहुणे आले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यांनी ओसरीवरून विचारलं, "काय अक्का, यंदा तुलास्नान चाललंय ना?" आत्या माजघराच्या दारात उभी होती. तिनं तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "छे, सोडलं त्यांनी ते. गाडी लागते त्यांना. गेल्या वर्षी अर्ध्यातूनच म्हणाल्या, नको बाबा. मी किती आग्रह केला!"

मी आत्याकडे पाहिलं. म्हटलं, बोल आता. मागे बोललीस ना, तस्संच बोल.

आत्या म्हणाली, "हो, गाडी लागते मला. मीच सोडलं."

पाहुणे हळहळले. अप्पांनी पानाचं तबक पुढे केलं. मी आत्याच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि जवळजवळ किंचाळलेच, "खोटं का बोललीस? त्यांना का वाचवलंस?"

ती चुलीपुढे बसून लाकूड आत सारत होती. माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

"त्याला कुठं वाचवलं गं?" ती म्हणाली. "पाहुणे उद्या जातील. मला उद्या इथंच जेवायचंय."