पुढं पळणारं घड्याळ

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोतीबिंदू झाला आणि राजारामपुरीतला आमचा घड्याळाचा गाळा माझ्याकडं आला. आला म्हणजे कुणी दिला नाही. मीच जाऊन बसले. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून काढलेल्या माणसाला ऑपरेशननंतरही बारीक स्क्रू दिसेनात. नवरा कबनूरला यंत्रमागांच्या कारखान्यात, त्याला घड्याळात काडीचा रस नव्हता. मी रोज मामंजींचा डबा घेऊन जायची, बघून बघून शिकले. आधी सेल बदलायला, मग पट्टे, मग चावीची घड्याळं उघडायला.

सेलच्या घड्याळावर माझा जीव कधी बसला नाही. गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक तुकडा आत थरथरत असतो, बिघडलं की अख्खं मशीन बदलायचं, झालं काम. चावीच्या घड्याळात मात्र केसासारख्या स्प्रिंगची गुंडाळी असते. ती आवळते, सुटते, पुन्हा आवळते, आणि तिच्या जोरावर काटे वेळ पाळतात. तिच्या वेढ्याला वेढा लागता कामा नये.

सरळ सांगते, मला तो गाळा हवा होता. घरी मी कुणाची सून, कुणाची आई होते. स्टुलावर बसलं की कुणी चहा टाक म्हणत नव्हतं, घड्याळ किती वाजेपर्यंत होईल ते विचारत होतं. पण तेव्हा मोबाइल नुकतेच लोकांच्या हाती आले होते, आणि एका मोबाइलवाल्यानं आमचा गाळा भाड्यानं मागितला होता. मामंजींनी त्याला हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

त्यात ते गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, शिरोली एमआयडीसीत ग्राइंडिंग मशीनवर कामाला. लग्नात सासऱ्यानं दिलेलं चावीचं मनगटी घड्याळ रोज अर्धा तास पुढं पळत होतं. मी ते उघडलं, पेट्रोलमध्ये धुतलं, तेल दिलं. वेग कमी-जास्त करायची एक बारीक दांडी आत असते, ती मागं सरकवली. दोन दिवस गाळ्यात टांगून बघितलं, वेळ बरोबर दाखवत होतं.

आठवड्यात तो परत हजर.

"ओ बाई, घड्याळ दुरुस्त केलासा का पळायला शिकवलासा?" पलीकडच्या रिक्षा स्टॉपवरही ऐकू गेलं असेल.

मी पुन्हा धुतलं, पुन्हा दांडी सरकवली. पुन्हा तो घड्याळ घेऊन आला. बाकड्यावर बसलेले मामंजी तो गेल्यावर माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "आता आजून एकदा परत आलं तर मोबाइलवाल्याला व्हय म्हणून सांगणार हाय. गाळ्याचं नाव बुडाय लागलंय."

मला रडू आलं नाही, राग आला. त्याच रागात घड्याळ उघडलं. गुंडाळीचे वेढे एकमेकांना चिकटलेले. इतके दिवस मी ते तेलावर ढकलत होते. आता धुऊन, कोरडं करून बघितलं, तरी चिकटलेलेच. चिमट्यानं त्यातला एक स्क्रू उचलला आणि सोडला, तर सुटेना, लोंबत राहिला. दुसऱ्या घड्याळाचा स्क्रू मात्र लगेच सुटला. म्हणजे चिमट्यात नव्हे, या घड्याळातच लोहचुंबक भिनलं होतं. वेढे चिकटून स्प्रिंग आखूड झाली की घड्याळ पळणारच! हा माणूस दिवसभर कशाच्या जवळ असतो ते बघायला हवं होतं.

"मी शिरोलीला जाऊन येते," मी म्हटलं.

"घड्याळजी गिऱ्हाइकाच्या दारात जात न्हाय. मी कधी गेलो न्हाय."

"तुमी न्हाय गेलासा. मी जाते की."

घड्याळ पिशवीत टाकलं आणि बस धरली. गेटवर वॉचमननं वरपासून खालपर्यंत बघितलं, पण आत सोडलं. आमच्या गिऱ्हाइकाला मी आलेली बघून आधी घाम फुटला. बाई भांडायला आली असं त्याला वाटलं असावं. मी म्हटलं, "तुमचं काम कसं चालतंय ते दावा."

त्यानं लोखंडाचा एक नग मशीनच्या पाट्यावर ठेवून बटण दाबलं. पाटा लोहचुंबकाचा, नग जागचा हलेना. पक्का बसलाय का बघायला त्यानं डाव्या हातानं नग ओढून बघितला, तेव्हा त्याचं मनगट थेट पाट्याला टेकलं. मनगटावर पट्ट्याचा पांढरा वण होता.

"घड्याळ काढून ठेवत न्हाय व्हय?"

"कशाला? पट्टा घट्ट हाय की."

शेजारी एक डबा घूं घूं करत होता. घासलेला नग त्यानं डब्यावर धरला आणि सावकाश लांब नेला.

"ह्यानं काय हुतंय?"

"नगातलं मॅग्नेट उतरतंय. न्हायतर कीस चिकटून..."

तो थांबला. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं.

"आयला," तो म्हणाला.

दिवसभर लोखंडाला जे औषध द्यायचा ते घड्याळाला द्यायचं त्याला सुचलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला, पण घड्याळ मी दिलं नाही. मीच ते डब्यावर धरलं आणि हात पुरा लांब होईपर्यंत हळूहळू मागं नेलं. गाळ्यात येऊन उघडलं तर वेढे सुटे झालेले. दांडी मूळ जागी आणली. पुढं तो घड्याळ न्यायला आला तेव्हा बजावलं, मशीनवर हे हातात घालणार असाल तर परत देणार नाही. थोडा भांडला, मग कबूल झाला.

पुढच्या सुट्टीला तो लांबून येताना दिसला आणि मी हातातला चिमटा खाली ठेवला. मामंजींनीही त्याला ओळखलं. काउंटरवर त्यानं रुमालाची गाठ सोडली, आत चार घड्याळं होती.

"ही आमच्या कारखान्यातल्या पोरांची. हीबी पळत्यात. माझं एकदम झकास हाय."

मामंजींनी हात पुढं केला. त्यांनी चारही घड्याळं एकेक करून कानाला लावली आणि माझ्यापुढं ठेवली. दुपारी मोबाइलवाला टेप घेऊन गाळ्याचं माप घ्यायला आला. मामंजी बाकड्यावरून उठलेसुद्धा नाहीत.

"मला काय इचारतोयस? गाळ्यात कोण बसलंय? तिला इचार."

तो माझ्याकडं वळला. मी डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही.

"द्यायचा न्हाय," मी म्हटलं.