डावा स्पीकर

वायरीने आवाज बदलतो की नाही, या एका प्रश्नावर चांगली शिकलेली माणसं वर्षानुवर्षं भांडू शकतात, हे मला नाशिकला इंदिरानगरच्या घरात ब्रॉडबँड आलं तेव्हा कळलं. मी शाळेत गणित शिकवायची. घरी आले की वडिलांच्या जुन्या रेकॉर्डी लावायच्या आणि मग स्पीकर-अॅम्प्लिफायरचं वेड असलेल्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर जायचं, हा माझा नेम. तिथे सगळ्यांची टोपणनावं. मला सगळे 'भाऊ' म्हणत आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. बाई आहे म्हटलं असतं, तर प्लग कसा लावायचा इथपासून शिकवायला बसले असते.

भांडण कायम तेच. एका कोल्हापूरकराचं म्हणणं, जाड तांब्याच्या वायरीने गाणं खुलतं. मी म्हणायची, हे सगळं मनाचे खेळ. तो म्हणायचा, तुमचे कान तयार नाहीत. मग बाकीचे आपापली बाजू घेऊन उतरायचे, कोणीतरी रुसून फोरम सोडायचा, आणि जरा शांत होतंय तोच एखादा नवा सभासद भाबडेपणाने विचारायचा, वायर कुठली घ्यावी? की पुन्हा सुरू. मला त्यात फार मजा यायची, खोटं कशाला बोलू.

माझ्या आवडत्या रेकॉर्डमध्ये तानपुरा डावीकडून ऐकू यायचा. एके दिवशी तो विरळ झाला आणि त्याच्या जागी एक बारीक शिटी आली. मी फोरमवर विचारलं. सगळे तुटून पडले. कोल्हापूरकर म्हणाला, वायर. दुसरा म्हणाला, तुमच्या नाशिकची वीजच खराब. तिसऱ्याच्या मते माझी डावी भिंत उघडी, म्हणून आवाज तिच्यावर आपटून बिघडतो. फोरमचा एक जुना नियम होता: डावं-उजवं अदलाबदल करून पाहा, दोषाने बाजू बदलली तर दोष यंत्रात. मी वायरी बदलल्या, मग स्पीकर उचलून इकडचे तिकडे केले. दोष डावीकडेच. म्हणजे यंत्र निर्दोष आणि खोली गुन्हेगार, हे मी गणिताच्या बाईच्या ऐटीत सिद्ध करून दाखवलं, आणि आईची गोधडी डाव्या भिंतीवर टांगली. त्यावर पानंच्या पानं वाद झाला. आठवडे गेले.

त्या दिवसांत नवरा जेवताना गप्प गप्प असायचा. टेबलाशी तो माझ्या डावीकडे बसायचा. ऑफिसात काही बिनसलं असेल, असं मी धरून चालले.

मग एका रविवारी भरदुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, शेजारचा टीव्ही थांबला, रेकॉर्ड फिरत फिरत थांबली. सगळी गल्ली चिडीचूप. आणि शिटी चालूच.

मी डाव्या स्पीकरकडे पाहत राहिले. उठून त्याची वायर उपटली. शिटी चालूच. वायर हातात धरून मी उभी, आणि काय सुचलं कोण जाणे, उजव्या कानात बोट घातलं. बाहेर कबुतरं घुमत होती, त्यांचा आवाज गेला. स्वयंपाकघरातला नळ गेला. नवरा समोर येऊन काहीतरी बोलत होता, त्याचे नुसते ओठ हलताना दिसले. मी खाली फरशीवरच बसले. इतकी घाबरले होते की रडूसुद्धा आलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. नस दुखावली आहे, म्हणाले. सुरुवातीच्या दिवसांत औषध दिलं असतं तर बराच फरक पडला असता, आता भरवसा देता येत नाही.

"इतके दिवस काय करत होतात?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने सांगितलं, "ती वायरी बदलून पाहत होती." तो टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

फोरमवर मी खरं ते लिहिलं. कोल्हापूरकराने फक्त काळजी घ्या म्हटलं, वायरीचं नाव काढलं नाही. त्याच्याखालीच एका नव्या सभासदाने, वरचं काहीही न वाचता, जाड वायर लावून पाहा म्हणून सुचवलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर दोन्ही बाजू तुटून पडल्या होत्या. मी ते वाचत होते आणि माझा विश्वास बसत नव्हता. कालपर्यंत मीही त्यातच होते.

त्या रात्री जेवायला बसताना नवऱ्याने आपलं ताट उचललं आणि माझ्या उजवीकडे येऊन बसला.

"मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस," तो म्हणाला. "रोज विचारायचो, तू उत्तरच द्यायची नाहीस."

"काय विचारायचास?"

"काही विशेष नाही. आज कुठली रेकॉर्ड लावतेस, मीही बसतो ऐकायला."