भोंग्याचा अनध्याय

“पैसे नकोत, गुरुजी. पैसे देणारे पुष्कळ आहेत. मला माणसं द्या.”

कर्जतच्या एका धर्मादाय नेत्रालयाच्या मुख्य परिचारिका नलिनीताई हे बोलल्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी जमवलेल्या देणगीचे पाकीट मी त्यांच्यापुढे धरले होते. मी साजगावजवळच्या एका माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना समाजसेवेचा तासही मुख्याध्यापकांनी माझ्याकडे दिला होता. आमची समाजसेवा तोपर्यंत त्या पाकिटापुरतीच होती.

“माणसं म्हणजे कशासाठी?” मी विचारले.

“ऑपरेशन आम्ही अर्ध्या तासात करतो. पुढे महिनाभर डोळ्यांत ड्रॉप्स घालायचे असतात, ते घरी. आणि घरी आम्ही नसतो.”

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते काढून तेथे कृत्रिम भिंग बसवतात. जखम भरेपर्यंत औषधाचे थेंब वेळच्या वेळी पडले नाहीत, तर डोळ्याला सूज येते, आणि मिळालेली दृष्टी परत जाऊ शकते. रुग्णांना सूचनांचा छापील कागद मिळतो. वाचता येत नसलेली म्हातारी माणसे तो घडी घालून देवापाशी ठेवतात.

नववीच्या तेरा मुलामुलींनी प्रत्येकी एका रुग्णाची जबाबदारी घेतली. नलिनीताईंनी त्यांना शिकवले: हात धुवा, खालची पापणी हलकेच ओढा, बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नका. मुलांनी हे पुढे आपापल्या वाट्याच्या आजी-आजोबांना शिकवायचे होते.

सायलीच्या वाट्याला जनाबाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे, घरी एकट्या. मुलगा शेलूला बिऱ्हाड करून राहिलेला. एक डोळा लहानपणीच देवीच्या आजारात गेला होता. सोमवारी ऑपरेशन झाले ते उरलेल्या एकुलत्या डोळ्याचे. तो बिघडला असता, तर त्यांच्यापाशी दुसरा नव्हता.

मंगळवारी पट्टी निघाली. संध्याकाळी सायली माझ्याकडे आली.

“सर, आजींना घड्याळ कळत नाय. सकाळी पट्टी काढल्यावर अंधुक दिसत होतं म्हणून रडल्या, मग दिसायला लागलं म्हणून दुपारी दोनदा जास्तीचे थेंब घातले. म्हणतात, ‘औषध चांगलं हाय, मग जास्त घातलं तर बिघडलं कुठं?’”

“मग उपाय काय?”

“भोंगा!” ती म्हणाली. “कंपनीचा भोंगा सात, अकरा, तीन आणि पुन्हा सातला होतो. ड्रॉप्सच्या वेळा त्याच हायेत. भोंगा झाला की थेंब.”

मला फार आनंद झाला. गावाजवळच्या त्या कारखान्याचा सकाळचा भोंगा होण्याआधी माझी संध्या आटोपलेली असे. त्या आवाजाचा असा उपयोग माझ्या मनात कधी आला नव्हता. मी ती युक्ती तेराही जणांना दिली. इतकेच करून थांबलो नाही. बुधवारी सायलीबरोबर जनाबाईंकडे गेलो, आणि आयुष्यभर जे केले तेच तेथेही केले. त्यांच्याकडून पाठांतर करून घेतले.

“म्हणा आजी, भोंगा झाला की एक थेंब.”

“भोंगा झाला की एक थेंब.”

“भोंग्याशिवाय बाटली उघडायची नाही.”

“भोंग्याबिगर बाटली उघडायची नाय. झालं? आता च्या घ्या. का त्यालापन भोंगा लागतो?”

मी चहा घेतला. पाठ पक्का झाला होता. आजी आपले आपण थेंब घालत आहेत हे गुरुवारी स्वतः पाहून सायलीने एक दिवसाआड जायचे ठरवले. मी त्याला संमती दिली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती गेली आणि अर्ध्या तासात तिचा फोन आला.

“सर, डोळा लाल झालाय. पाणी येतंय. आजी म्हणतात, काल एकपण थेंब नाय घातला.”

मी पोहोचलो तेव्हा जनाबाई ओसरीत बसल्या होत्या. डोळ्यावर काळा चष्मा आणि हातात औषधाची बाटली.

“आजी, काल औषध का घातलं नाही?”

“भोंगाच झाला नाय! सकाळपासून बाटली घेऊन बसली व्हती मी. शेजारची बोलली, टाक गं आता. मी म्हनलं, नाय. गुरुजींनी सांगितलंय, भोंग्याबिगर बाटली उघडायची नाय. तुमीच म्हनलात ना?”

मीच म्हटले होते. एक शब्दही त्यांनी बदलला नव्हता.

सायली भिंतीला टेकून उभी होती. “सर, काल शुक्रवार. कंपनीची हप्त्याची सुट्टी शुक्रवारीच असते. माझे पप्पा तिथंच हायेत, काल दिवसभर घरी होते. तरी माझ्या डोक्यात नाय आलं.” एवढे बोलून ती रडू लागली.

“गप गं,” जनाबाई म्हणाल्या. “डोळा माझा आन् रडतेस तू?”

आम्ही पाठशाळेत शिकत असताना प्रतिपदा, अष्टमी अशा काही तिथींना वेदपाठ बंद असे. त्या सुट्टीला अनध्याय म्हणतात. पाठ देण्याआधी त्याचा अनध्याय ठाऊक असावा लागतो, हे मी लहानपणीच शिकलो होतो. भोंग्याचा अनध्याय मात्र मी विचारला नाही. तीस वर्षे त्या गावात राहून, दर शुक्रवारी तो वाजत नाही हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सायलीच्या वडिलांनी शेजाऱ्याचा टेंपो काढला आणि आम्ही कर्जतला गेलो. वाटेत नामस्मरण करण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते. डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ डोळा पाहिला.

“आतून सूज आहे. वेळेत आलात. आता आठवडाभर दर दोन तासांनी ड्रॉप्स, सकाळी सहा ते रात्री दहा. एकही चुकवायचा नाही.”

“आणि दृष्टी?”

“ते पुढच्या शनिवारी सांगतो.”

नलिनीताईंनी मला बाहेर बोलावले. रागावतील असे वाटले होते. “इतर बारा जणांचं काय?” एवढेच त्यांनी विचारले. मी फोन करून मुलांना घरोघर पाठवले. बाकीच्यांच्या घरी मोबाइलवर वेळ पाहणारे कोणी ना कोणी होते. कोणाचा एक थेंब चुकला होता, कोणाचा एकही नाही. जनाबाईंनीच तेवढा माझा पाठ अक्षरशः पाळला होता.

त्या आठवड्यात मुलांनी पाळ्या लावल्या. शाळेआधी आणि शाळेनंतर तेराही जण आळीपाळीने जात. मधल्या वेळी मुख्याध्यापकांनी मला मोकळे तास दिले. पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची पाळी सायलीच्या आईने मागून घेतली. जनाबाईंच्या घरी माणसांची ये-जा इतकी वाढली, की त्यांनी तक्रार केली, “डोळा मिटायला सवड देत नाय ही पोरं.” तक्रार करताना त्या पोरांसाठी शेंगदाणे भाजत होत्या.

पुढच्या शनिवारी डॉक्टरांनी त्यांना फळ्यासमोर बसवले. अक्षरे न येणाऱ्यांसाठी त्यावर तीन दात्यांच्या फणीसारखी चिन्हे असतात. दाते कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे. जनाबाईंनी वर, खाली, उजवीकडे हात केला. खालच्या ओळी लहान होत गेल्या तरी हात चुकला नाही. मग कंटाळून त्या माझ्याकडे वळल्या.

“गुरुजी, तुमच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटन तुटलंय. घरी कोन बघत नाय का?”

डॉक्टर हसले. सायली मोठ्याने हसली, आणि मग पुन्हा रडली. मी बटणाच्या जागी हात धरून मनोमन देवाला नमस्कार केला.

हे काम त्या शाळेत आजही चालते. मुलांच्या तक्त्यात रुग्णाचे नाव, औषध आणि वेळ यांच्यापुढे एक रकाना वाढला आहे: ‘हा संकेत कोणत्या दिवशी बंद असतो?’ नवीन मुले विचारतात, हा प्रश्न कशाला? निवृत्तीनंतरही मी अधूनमधून तेथे जातो, तेव्हा सांगतो, पाकीट दिले की दात्याचे काम संपते. ज्याने आपला वेळ देऊ केला, त्याला सुट्टीच्या दिवशीही एक चक्कर मारावी लागते.