पडल्यावर हसणारं माणूस

आज दुपारी व्हिडिओ कॉलवर नातवाला हसवायला मी मुद्दाम खुर्चीवरून घसरून पडलो. तो हसलाच नाही. तिकडून सूनबाई ओरडल्या, "बाबा, लागलं का?"

मला एकदम वडूजचे आण्णा आठवले. तरुणपणी ते मूकपटांत विनोदी कामं करायचे. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत एकटेच राहायचे. एकदा चहाच्या टपरीसमोर ते धाडकन पडले. आम्ही पाणी घेऊन धावलो.

"आरं, हसा की रं! ह्या पडण्यावर लोकं थेटर डोक्यावर घ्यायची," ते म्हणाले.

आम्ही हसलो नाही. त्यांच्या गुडघ्याला हळद लावली.

आज कॉल संपला, तरी सांगलीच्या या घरात मी बराच वेळ फरशीवरच बसून होतो. मंडळी, तुम्ही पडल्यावर हसणारं कुणी अजून उरलंय का?