प्रेमसिंगांच्या बारा पेट्या आणि एक नीलकंठ

मारेगावच्या शिवारात प्रेमसिंग राठोडांचं चार एकर वावर आहे. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांना त्यांनी बारा लाकडी पेट्या टांगल्या आहेत. परक्या माणसाला वाटतं, पाखरांसाठी टपाल सुरू झालं.

प्रेमसिंग तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्तीनंतर कुठल्याशा शिबिरात त्यांनी ऐकलं, की नीलकंठ पिकातले किडे खातो, पण धुऱ्यावरची जुनी झाडं तोडल्यामुळे त्याला ढोलीच उरली नाही. ते खरंच होतं. दसऱ्याला अख्खा तालुका नीलकंठाचं दर्शन घेतो ते मोबाइलवर. फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा उमटल्या, की सोनं लुटायला मोकळे.

पेट्या अन्सारमिस्त्रीनं केल्या. त्याचा हात कपाटांवर बसलेला. प्रत्येक पेटीला पाखरासाठी भोक होतंच, वर दार, दाराला कडी. "काका, अंदर आरसा बसवू का?" असंही त्यानं विचारलं होतं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. रोज सकाळी सात वाजता, खिशात शिट्टी, काखेत रजिस्टर. रकाने होते: पेटी क्रमांक, वेळ, चढले, उतरले. वीस पावलांवरून प्रेमसिंग शिट्टी वाजवत, कारण आधी वर्दी न देता कोणाच्या घरात डोकावणं त्यांना पटत नसे. मग मान खाली घालून वेळ लिहीत. वर बघेपर्यंत घरमालक पसार. आत राहिलेल्या सामानावरून, म्हणजे अंड्यांवरून, ते मालक ठरवत.

एप्रिलमध्ये तीन नंबरात निळी अंडी दिसली. निळा पक्षी, निळी अंडी, यात शंका कसली? प्रेमसिंगांनी चौकातल्या चहाच्या टपरीवर पेढे वाटले. पंधरा दिवसांनी अंड्यांतून साळुंक्या निघाल्या.

टपरीवरची सावलीतली खुर्ची सदाशिवरावांची. दुसऱ्याचं हसं करणं हा त्यांचा पूर्णवेळ धंदा. "काहून भाऊ, तुमचा नीलकंठ साळुंकीवानी वरडून राह्यला? सर्दी झाली काय त्याले?"

टपरी आठवडाभर हसली. घरी बायकोनं, कोकिळाबाईंनी, तर मुदतच घातली. रागावल्या की त्या गोरबोलीत, आपल्या बंजारा भाषेत, बोलतात; या वेळी निकाल द्यायचा होता म्हणून वऱ्हाडीत बोलल्या. "मृग लागाच्या आत मले खरा नीलकंठ दाखवा. नाई तं बाराच्या बारा पेट्या चुलीत." ही मुदतही टपरीवर पोचली.

प्रेमसिंगांनी दिवसाला दोन फेऱ्या केल्या. शिट्टीही जरा जोरात वाजवली. सात नंबरात पांढरी अंडी होती. निळी नव्हती, म्हणून त्यांनी रजिस्टरात कबुतराचा भाऊबंद 'होला' लिहून विषय संपवला.

मे संपत आला. उन्हाळी भुईमूग काढायला वावरात गेलेल्या कोकिळाबाई एक दिवस लगबगीनं घरी आल्या.

"चला."

"आता? फेरीची वेळ चार वाजताची हाये."

"ते शिट्टी द्या इकडं."

"कायले?"

"द्या म्हनलं नं!"

शिट्टी पदराच्या गाठीत गेली. दोघं सात नंबरासमोर पळसाच्या आडोशाला बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. प्रेमसिंग काहीतरी विचारणार, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

तारेवर बसलेलं एक भुरकट पाखरू उठलं आणि त्यानं पंख उघडले. निळे. चोचीत नाकतोडा. ते सरळ सात नंबरात शिरलं आणि आतून तीनचार गळ्यांचा कलकलाट झाला.

"हा तं होला व्हता," प्रेमसिंग पुटपुटले.

"तुमच्या रजिस्टरात," बाई म्हणाल्या. "तुम्ही शिट्टी मारली का तो उडे, अन् तुम्ही खाली पाहून टाइम लिवत बसा. रोज पाहून राह्यली मी, आठ दिवसांपासून."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तं तुम्ही परत पेढे वाटले असते!"

पेट्या वाचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते टपरीवर गेले. सदाशिवराव तयारच होते. "काय भाऊ, दिसला काय नीलकंठ?"

उत्तर ओठांवर आलं होतं. पण ते बाहेर पडलं असतं, तर तासाभरात चाळीस मोबाइल सात नंबरासमोर उभे राहिले असते. सदाशिवराव तर पिल्लं हातात घेऊन फोटो काढणारा माणूस.

"नाई दिसला," प्रेमसिंग म्हणाले.

"मंग पेट्या पेटवल्या का नाई?"

"बायको पेटवू देत नाई."

"लागलं! तिलेही येड लागलं!"

टपरी पुन्हा पोटभर हसली. प्रेमसिंगांनी मान खाली घालून चहा संपवला. पिल्लं उडायला अजून दहाएक दिवस होते. तेवढे दिवस रोज येऊन हसं करून घेणं भाग होतं.