ब्रुकलिनच्या टेकडीवरचे महाराज

काकूंचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या किचनमध्ये पोळ्या लाटत होते. "सुमन, हे गेले गं..." एवढंच म्हणाल्या. तव्यावरची पोळी करपली, तरी मला ती उचलायचं सुचलं नाही.

दिनकरकाका माझे नात्याने कोणी नव्हते. मी सातवीत शाळा सोडलेली. मग अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला एका वहिनींकडे बाळ सांभाळायला आले. पासपोर्ट त्यांच्या कपाटात, सुट्टी नाही, आईला फोन करायचा तर विचारून. एका दुपारी वहिनी ऑफिसातून आल्या, मी बाळ त्यांच्या हातात दिलं आणि चपला हातात घेऊन मागच्या दाराने निघाले. देवळात ओळख झालेल्या काकूंचं घर तेवढं माहीत होतं. दार काकांनी उघडलं. "आधी जेव," म्हणाले. पासपोर्ट त्यांनीच जाऊन आणला, वकिलाकडे खेटेही त्यांनीच घातले. कसे फेडू हे उपकार?... पण मी पळून आले, ही लाज काही गेली नाही.

काका दर दिवाळीला गॅरेजमध्ये किल्ला करायचे, अन् गावातली मराठी मंडळी पोरांना घेऊन बघायला यायची. एका वर्षी त्यांनी न्यू यॉर्कचं बंदर केलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं. बंदरात इंग्रजांचं आरमार, अलीकडे ब्रुकलिनच्या टेकड्या, तिथे हरलेली अमेरिकन फौज आणि तिच्या पाठीमागे नदी. ही फौज रातोरात होड्यांतून पलीकडे गेली, उरलेल्यांना सकाळच्या धुक्याने झाकलं, असं काका मला माती मळता मळता सांगत. टेकड्यांवर अळीव मी पेरले. आणि किल्ला म्हटल्यावर हात आपोआप गेला, सगळ्यात उंच टेकडीवर महाराजांना बसवून मोकळी झाले.

बघायला वहिनीही आल्या. एका मुलाने विचारलं, "हू वन?"

"इंग्रज," काका म्हणाले. "शहर त्यांनी घेतलंच."

"सो दे जस्ट रॅन अवे?"

"हो."

वहिनी हसल्या. "पळपुट्यांचा किल्ला! सुमनचीच आयडिया असणार. आणि महाराज हो कुठे ब्रुकलिनला?"

सगळे हसले. माझे कान तापले. मी महाराजांना उचलायला हात घातला, तर काकांनी मनगट धरलं. "राहू दे. वेढ्यातून निसटायचं कसं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं?" मग वहिनींकडे वळून म्हणाले, "ती फौज पळाली म्हणून उरली, अन् उरली म्हणून पुढे जिंकली."

तरी माझी मान वर आली नाही.

शोकसभेत वहिनी माइकवर छान बोलल्या. काकू मला म्हणाल्या, "तूही बोल दोन शब्द." काय बोलायचं ते ठरलेलं होतं: मी पळून आले आणि काकांनी दार उघडलं. पण समोर वहिनी बसलेल्या... मी चहाचे कप भरायला निघून गेले. माइकपासूनच्या त्या पळण्यातून मात्र काहीच उरलं नाही. म्हणून ते दोन शब्द इथे लिहिते आहे.

शनिवारी काकूंकडे जाते. मी आत आले की काका शेजारच्या खुर्चीवरचे पेपर उचलून मांडीवर घ्यायचे, तोंडाने ‘बस’ म्हणायचे नाहीत. आता काकू तेच करतात. मी अजून खुर्चीच्या कडेवरच टेकते.

"नीट मागे टेकून बस गं," काकू म्हणतात. "इथून तुला कोणी उठवणार नाही."